बंद केलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कंपनीने खुला करावा का?

प्रश्न (छापखानेवाला):
आमच्या छापखान्यातील मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने त्याची विक्री आणि देखभाल कधीच थांबवली. प्रिंटर पोर्टला डोंगल (अधिकृत प्रत असल्याची खूण म्हणून लावायचे छोटे उपकरण) लावल्याशिवाय ते सुरू होत नाही, आणि तसा पोर्ट असलेला एकच संगणक आमच्याकडे उरला आहे. जुन्या दिवाळी अंकांची सारी पाने त्यात अडकली आहेत. ज्यातून कंपनीला आता छदामही मिळत नाही, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेली मूळ आज्ञावली, सर्वांसाठी खुला करण्यास तिची हरकत का असावी?

उत्तर १ (जुना प्रोग्रामर):
हरकत पुष्कळदा मनाची नसून मालकीची असते. इड सॉफ्टवेअरने 1997 च्या डिसेंबरमध्ये 'डूम' या खेळाचा कोड दिला, तेव्हा ध्वनीचा भाग वगळावा लागला, कारण तो दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला होता. 2024 मध्ये विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड प्रसिद्ध झाला, पण त्यात इतरांचा कोड सापडला, परवान्याच्या अटींवरूनही वाद पेटला आणि काही आठवड्यांतच तो काढून घेतला गेला. जे आपले नाही ते कंपनी देणार कसे?

उत्तर २ (डेटाबेसवाला):
अडचण खरी, पण ती सबब होऊ नये. ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी 2002 मध्ये बुडाली, तेव्हा वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा कोड सोडवून घेतला. आज ते जगभर वापरले जाते. शिवाय बोरलँड कंपनीने 2000 मध्ये इंटरबेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचा कोड खुला केल्यानंतरच, त्यात कायमचे युजरनेम आणि पासवर्ड घातलेला एक चोरदरवाजा असल्याचे उघड झाले. बंद कोडात तो कित्येक वर्षे कोणालाही दिसला नव्हता.

उत्तर ३ (फॉन्टचे काम करणारा):
छापखानेवाले, आपल्याला संपूर्ण कोड मिळाला तरी तो आजच्या संगणकावर चालवणार कोण? आपली गरज दोनच गोष्टींची आहे: डोंगलची अट काढलेली प्रत आणि फॉन्टचा नकाशा, म्हणजे कोणत्या क्रमांकावर कोणते अक्षर, अर्धाक्षर वा मात्रा बसवली आहे त्याची यादी. कंपनीने एवढे तरी द्यायलाच हवे, असे माझे मत आहे. मात्र जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या सर्वमान्य अक्षर-क्रमांकांत, नेताना नुसती क्रमांकांची अदलाबदल पुरत नाही, कारण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. त्यामुळे क्रमही बदलावा लागतो. तो संगणक चालू आहे तोवर प्रत्येक कळ दाबून उमटणारे चिन्ह छापून ठेवा. त्या तक्त्यावरून कन्व्हर्टर, म्हणजे हे रूपांतर करणारा प्रोग्राम, लिहिता येतो.