रक्तदाब चढा आणि पोटॅशियम कमी असेल तर

तीन गोळ्या चालू असूनही वडिलांचा रक्तदाब १७०च्या खाली येत नाही आणि पोटॅशियम ३.१ आले, ते सोलापूरच्या उन्हात घाम जाऊन उतरले असावे, असे आपण लिहिले आहे. मला हे कारण पटत नाही. अशा वेळी मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त स्रवत असल्याची शंका आधी घ्यावी, कारण ते शरीरात मीठ धरून ठेवते आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवते. अमेरिकन डॉक्टर जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला हा विकार दुर्मीळ नाही. पुष्कळ रुग्णांत पोटॅशियम चक्क नॉर्मल असते, म्हणून तो हुकतो.

पक्षाघाताची भीती इथे अधिक आहे. २०१८च्या एका एकत्रित विश्लेषणात, साध्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांच्या तुलनेत या रुग्णांत पक्षाघाताची शक्यता सुमारे अडीच पट, तर हृदयाची लय बिघडून गुठळी होऊ देणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनची साडेतीन पट आढळली, कारण हे संप्रेरक रक्तदाब वाढवतेच, शिवाय हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना थेट इजा करते.

पोटॅशियम भरून काढून सकाळी रक्तातले अल्डोस्टेरॉन व त्याला एरवी चालना देणारे मूत्रपिंडातले रेनिन तपासतात. दोष एकाच ग्रंथीत असेल तर दुर्बिणीतून ती काढता येते. दोन्हींत असेल तर अल्डोस्टेरॉनचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन देतात. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांची छाती दुखू वा फुगू शकते, हे वडिलांना आधीच सांगावे. शेंगाचटणीतले मीठ कमी करावेच, परंतु ही औषधे चालू असताना ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, कारण त्यात बहुधा पोटॅशियमच असते आणि या औषधांनीही ते वाढते.