लिंबूरस रोज मिळायचा, तरी खलाशांना स्कर्व्ही का व्हायची?

शिडकरी: १८६७ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे व्यापारी जहाजावर समुद्रात १० दिवस झाले की प्रत्येकाला रोज १ औंस लिंबूरस द्यावा लागे. तरी पुढेही स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, होतच राहिली. लोक रस प्यायचे नाहीत, की रसातच खोट होती? आणि त्याच काळातली ‘जहाजी बेरीबेरी’ हा वेगळा आजार का?

नांगर: टाळाटाळ करणारे असतीलच, पण मुख्य खोट रसात. आधी भूमध्य समुद्राकडची मोठी पिवळी लिंबं वापरत, १८६० च्या दशकात वेस्ट इंडीजमधली कागदी लिंबं आली. ती जास्त आंबट, म्हणजे जास्त गुणकारी, असा समज. आता हिशेब करा. कागदी लिंबाच्या १०० मिली ताज्या रसात साधारण ३० मिग्रॅ क जीवनसत्त्व. १ औंस म्हणजे २८ मिली, म्हणजे जेमतेम ८ मिग्रॅ. स्कर्व्ही टाळायला रोज सुमारे १० लागतात. म्हणजे रस ताजा असता तरी काठावर नापास!

त्यात तो उघड्या टाक्यांत निवळत ठेवायचा आणि तांब्याच्या नळ्यांतून न्यायचा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे क जीवनसत्त्व नासतं आणि तांबं ती क्रिया भराभर घडवतं. रस टिकावा म्हणून मद्यार्क घालत, त्याने बुरशी थांबते, हे नासणं नाही. चव घेतली तर आंबटपणा शाबूत, त्यामुळे संशय येणार कुठून? शिवाय स्कर्व्ही दिसायला १ ते ३ महिने लागतात. वाफेच्या जहाजांनी त्याआधीच बंदर गाठलं, की श्रेय रसाला.

खारा वारा: जहाजी बेरीबेरीबद्दल. खरी बेरीबेरी ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाची, पॉलिश केलेला तांदूळ किंवा पांढरा मैदा यांवरच भागवलं की होणारी. शरीरातला साठा २-३ आठवड्यांचाच, म्हणून ती स्कर्व्हीच्या आधी गाठते. नडगीवर अंगठा दाबून उचलल्यावर खळगा तसाच राहतो, धाप लागते, पोटऱ्या दुखतात, गुडघ्याखाली ठोकलं तर पाय उडत नाही. स्कर्व्हीत हिरड्या सुजून रक्त येतं, केसांच्या मुळाशी लाल ठिपके उठतात, भरलेली जखम पुन्हा उकलते. पाय मात्र दोन्हींत सुजतात, आणि निकृष्ट शिधा असला की दोन्ही एकाच माणसात. ‘जहाजी बेरीबेरी’चा घोळ तिथेच.

गंमत अशी, की होल्स्ट आणि फ्रोलिश हे नॉर्वेचे संशोधक ही जहाजी बेरीबेरी गिनीपिगमध्ये घडवायला गेले आणि १९०७ मध्ये त्यांच्या हाती लागली स्कर्व्ही. नुसतं धान्य खाऊन गिनीपिगला ती होते, कारण माणसासारखंच त्यालाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. क जीवनसत्त्व स्वतः बनवणाऱ्या कबुतरांवरच प्रयोग थांबवले असते, तर हे कळलंच नसतं.

गॅली: आज स्कर्व्ही क्वचितच, पण ‘वहीत आहे, ताटात नाही’ हा रोग कायम. शिधा आला की पालेभाजी पहिल्या आठवड्यात संपवा, मग कोबी-गाजर, शेवटी फ्रोजन वाटाणे. सफरचंदं पालेभाजीजवळ ठेवू नका, त्यांच्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. बटाटे अंधारात, कांद्यापासून लांब. फ्रोजन भाजी न वितळवता थेट वाफेवर टाका. वॉच (कामाची पाळी) बदलेपर्यंत तासन्‌तास गरम ठेवलेल्या भाजीत क फारसं उरत नाही, म्हणून एकदम न शिजवता दोनदा थोडी थोडी शिजवा.

खरा त्रास मात्र आता रक्तदाब, मधुमेह आणि वजनाचा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं. पाकिटावरच्या सोडियमला अडीचने गुणा: १,६०० मिग्रॅ सोडियमचं नूडल्सचं पाकीट म्हणजे ४ ग्रॅम मीठ. मसाल्याची पुडी अर्धीच घाला.

शिडकरी: भाजी हिरवीगार राहावी म्हणून सोडा घातला तर?

खारा वारा: रंग राहील, पण ब-१ आणि क दोन्ही जातील. झाकण काढून भरपूर उकळत्या पाण्यात थोडा वेळ शिजवली तरी हिरवी राहते, फक्त ते पाणी ओतून न देता सूपला वापरा.