चर्चच्या घंटा कुठलीच धून का वाजवत नाहीत?

लेस्टरवासी
नुकताच इंग्लंडमध्ये लेस्टरजवळच्या एका गावात राहायला आलोय, घराला लागूनच जुनं चर्च आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी तिथे सहा घंटा सुरू होतात त्या चांगला दीड तास थांबत नाहीत. आधी वरच्या सुरापासून खालच्यापर्यंत सरळ उतरतात, छान वाटतं, आणि मग कोणीतरी पत्ते पिसावेत तसा क्रम बदलायला लागतो तो बदलतच राहतो. धून अशी काही नाहीच. मुद्दाम करतात की शिकाऊ लोक आहेत?

दोरीवाला
मुद्दाम. मी इथे यॉर्कशायरमध्ये शिकतोय म्हणून सांगतो. एका घंटेला एक दोरी, एक माणूस. घंटा मोठ्या चाकाला बांधलेली असते आणि दर टोल्याला तोंड वर ते परत तोंड वर असा पूर्ण फेरा मारते, त्याला साधारण दोन सेकंद जातात. शेकडो किलोचं धूड, मनात आलं म्हणून लगेच दुसऱ्यांदा वाजत नाही, मग धून कशी काढणार? हां, तोंड वर असताना क्षणभर तोलून धरता येते किंवा जरा आधी खाली खेचता येते, म्हणजे तुमची घंटा रांगेत फार तर एक जागा मागेपुढे सरकते. सगळा खेळ यावरच. दर ओळीत प्रत्येक घंटा एकदाच, शेजारशेजारच्यांनी जागा बदलायच्या आणि एकदा झालेली ओळ परत आणायची नाही. सहा घंटांच्या ७२० ओळी होतात, अर्धा तास. सातांच्या ५०४०, तीन तास. आठांच्या ४०३२०!! त्या १९६३ साली लफबरोच्या घंटा कारखान्यात आठ जणांनी बदली न घेता वाजवल्या, जवळजवळ १८ तास. आणि हे सगळं पाठ, समोर कागद ठेवायचा नाही.

लेस्टरवासी
बापरे. आणि दोरी वेळेत सोडली नाही तर?

दोरीवाला
घंटा पलीकडे उलटू नये म्हणून वर एक लाकडी दांडा असतो. जोरात आपटली तर तो मोडतो, घंटा फिरतच राहते आणि दोरी सपासप वर जाते. पहिल्या दिवशी हेच बजावतात, गडबड झाली की दोरी सोड, हिरोगिरी नको.

ओतकाम
धातूचंही सांगतो, आमचा धंदाच तो. पितळ नाही, कासं. तांबं ७७-७८ टक्के, बाकी कथील. एवढं कथील घातलं की नाद लांबतो पण धातू ठिसूळ होतो, तडा गेला की संपलं. जुन्या पद्धतीच्या साच्याची माती म्हणजे वाळू, चिकणमाती, बकऱ्याचे केस आणि घोड्याची लीद. लीद जळून बारीक भोकं पडतात, त्यातून वाफ निघते. ओतल्यावर आतून लेथवर खरवडून सुरात आणतात, जास्त खरवडलं तर परत चिकटवता येत नाही. आणि गंमत म्हणजे सा च्या जोडीला कोमल गंधार स्पष्ट ऐकू येतो, म्हणून लग्नातसुद्धा ती घंटा जरा उदासच वाटते, निदान मला तरी.

पंचवटीकर
चर्चची घंटा बघायला इंग्लंड कशाला, नाशिकला या 😄 चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नारोशंकराची घंटा त्यातलीच, वर १७२१ साल कोरलंय. भीमाशंकरला आहे, मेणवलीलाही.

दोरीवाला
बरोबर, पण त्या आता जागेवर टांगलेल्या आहेत, फक्त लोलक हलवायचा. झुलत्या घंटेत सगळं वजनच फिरतं, आवाजाचा फेकही बदलत जातो. पूर्ण फेरा इंग्लंडमध्येच मारतात असंही नाही, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाकडे वर लाकडाचं वजन बसवून घंटा गरगर फिरवतात, पण तिथे हा ओळींचा हिशेब नाही. लेस्टरवासी, सरावाच्या संध्याकाळी दार वाजवून बघा, माणसं कमीच असतात, बहुतेक वर घेऊन जातील.

लेस्टरवासी
बायको म्हणते जा, म्हणजे आवाजाबद्दल कुरकुर तरी थांबेल. बुधवारी जातोय.