डेटोना ५०० ला (अमेरिकेतली नॅस्कारची मोठी कार रेस) चार्टरवाल्यांची, म्हणजे हक्काची एन्ट्री असलेल्या टीमांची, जागा आधीच पक्की, हे बरोबर आहे का?

अहो मंडळी, ३६ चार्टर गाड्या कितीही स्लो पळाल्या तरी रेसमधे असणारच, आणि बाकीच्यांनी उरलेल्या ४ जागांसाठी क्वालिफायिंगचा टाइम नाहीतर ड्युएलमधे (आधीच्या छोट्या पात्रता रेस) मारामारी करायची? मग क्वालिफायिंग कशाला म्हणायचं?

— चार्टर २०१६ ला आले, पण त्याआधीही टॉप ३५ वाला नियम (पॉइंट्समधे पहिल्या ३५ गाड्यांची जागा पक्की) होताच की, २००५ ते २०१२. स्पॉन्सरला गाडी दिसणारच नसेल तर तो पैसे कशाला लावेल?

— ते पटतं, पण २०२५ ला इंडीकारवाला ड्रायव्हर कॅस्ट्रोनेव्हेस ड्युएलमधे आपटला तरी खास सवलतीने ४१ वी गाडी म्हणून आत! इंडी ५०० चारदा जिंकलाय, मान्य, पण आपटल्यावर घरी जायचं ना राव.

— त्याने कोणाची जागा नाही खाल्ली पण, एक जास्तीची केली.