कुलाबा किल्ला: वार नको, तिथी धरा

विषय: अलिबागची सहल, शनिवार ठरवायचा आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुट्टीत परदेशातून मुंबईत येणारी आपली पाच-सहा कुटुंबं मिळून अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेला कुलाबा किल्ला पाहणार आहोत. ओहोटीला पाणी हटलं की किल्ल्यात चालत जायचं आहे. सकाळी मुंबईहून निघून दुपारी १२ च्या सुमारास ओहोटी सापडेल असा शनिवार हवा. अलिबागकर सभासदांनी कृपया सुचवावा.

सहल समिती

---

विषय: उत्तर: अलिबागची सहल

नमस्कार दादा,

दुपारी १२ ची ओहोटी मागू नका. मिळेल, पण पाणी हटलेलं नसेल.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. शाळेतली पाऊणकी आठवा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे ३ वाजता भरती आणि सहा तास अलीकडे, ९ ला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्ध्या तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक जरूर पाहा.

आता याच हिशेबाने १२ ची ओहोटी येते अष्टमीला. अष्टमी म्हणजे भांग. सूर्य आणि चंद्राची ओढ तेव्हा काटकोनात असते, त्यामुळे भरतीही लहान आणि ओहोटीही लहान. वेळ सोयीची, पण वाटेत पाणी राहतंच. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला समुद्र खूप मागे हटतो, पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला. डिसेंबरात एक वेळ अंधारातली, दुसरी अंधार पडतानाची. दोन्ही बाद.

मधले दिवस घ्या: द्वितीया, तृतीया, चतुर्थी. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊमध्ये येते. कालनिर्णयवर सरळ संकष्टी शोधा. फक्त संकष्टी चंद्रोदयाच्या तिथीवर ठरते, त्यामुळे त्या सकाळी कधी तृतीयाच चालू असते. तेव्हा ओहोटी पाऊण तास अलीकडे धरा. किल्ल्यातलं सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलं, तेही त्या दिवशी पाहून होईल. गर्दी असेल, एवढंच.

याचा अर्थ, आदल्या रात्री अलिबागला मुक्काम हवा. मुंबईहून त्याच सकाळी निघून ही वेळ गाठणं कठीण.

---

विषय: उत्तर: अलिबागची सहल

दादा, काही प्रश्न. पंचाहत्तरीचे दोघं आहेत, चालवेल का? किल्ल्यात किती वेळ लागतो? तिकिटाला परदेशी दर पडेल का? आणि युनेस्कोच्या यादीत आलेला किल्ला हाच ना?

---

विषय: उत्तर: अलिबागची सहल

ताई, शेवटचं आधी. २०२५ मध्ये यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत कुलाबा नाही, शेजारचा खांदेरी आहे. तिथे थळ गावाहून होडीने जातात. एकाच सकाळी दोन्ही करायला जाऊ नका.

ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल तर केंद्राच्या संरक्षित स्मारकांत भारतीयांचाच दर लागतो. मूळ कार्ड जवळ ठेवा. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

ज्येष्ठांसाठी ओहोटीला वाळूवरून घोडागाडी जाते. चालणाऱ्यांनी मागे पट्टा असलेल्या चपला घालाव्यात. वाटेतल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची कड पात्यासारखी. अनवाणी पाय कापतोच. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय टाकू नका, ओल्या वाळूवरून जा.

पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी निघा, किल्ल्यात दीड तास द्या आणि ओहोटीचं टोक उलटण्याच्या सुमारास परतीला लागा. लोक अडकतात ते इथेच. टोकानंतर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढंच वाढतं, सगळं शांत दिसतं. दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. शिवाय पाणी पायापाशी लाटेसारखं येत नाही. दोन्ही अंगांनी मधल्या सखल भागात भरतं. तटावरून किनाऱ्यालगतची वाळू कोरडी दिसते, पण मधे कमरेएवढं झालेलं असतं. तसं झालंच तर उतरू नका, आतच थांबा आणि होडीची चौकशी करा.

दीड तासात एक गोष्ट चुकवू नका: तटाचे दगड. अवाढव्य चिरे नुसते एकमेकांवर रचलेत, सांध्यात चुना नाही. फटीत बोटं घालून पाहा. लाट आपटली की पाणी त्या फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू करवलं, संभाजीराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले तरी कान्होजी आंग्र्यांकडून किल्ला घेता आला नाही. मुलांना हे तटावर उभं करूनच सांगा. उत्तरेकडे चाकाच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशायरच्या ओतशाळेचं नाव वाचता येतं.

पिण्याचं पाणी बरोबर न्या. ड्रोन आणू नका; २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि स्मारकात परवानगीशिवाय उडवताही येत नाही.

---

विषय: उत्तर: अलिबागची सहल

शनिवारचा हट्ट सोडला. संकष्टीची सकाळ, आदल्या रात्री मुक्काम. बरोबर येणाऱ्यांनी ज्येष्ठांची संख्या याच धाग्यात कळवावी, म्हणजे घोडागाड्या आधी सांगून ठेवता येतील.

सहल समिती