विहार-तुळशीचं पाणलोट: भाव जमिनीचा धरायचा की पाण्याचा?

भांडुपकर:
संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली जमीन 'नुसती पडून आहे, बांधकामाला द्या' म्हणणाऱ्यांसाठी हा हिशोब. या जमिनीवरचं पावसाचं पाणी ज्यांत उतरतं, ते विहार आणि तुळशी तलाव मिळून मुंबईला रोज सुमारे 108 दशलक्ष लिटर पाणी देतात. तेवढंच पाणी समुद्रातून घेऊन गोडं करायचं, तर हजार लिटरमागे 3 ते 4 युनिट वीज जाते. साडेतीन धरा, म्हणजे रोज 3.78 लाख युनिट. युनिटला 8 रुपये धरले तरी नुसत्या विजेचेच दिवसाला 30 लाख! मेम्ब्रेन (मीठ अडवणारे पडदे) बदलणं, उरलेलं जास्त खारट पाणी खोल समुद्रात सोडणं, हा खर्च वेगळा.

रोखठोक:
तुलनाच चुकली. पर्यायी खर्च काढताना सगळ्यात महाग नाही, सगळ्यात स्वस्त पर्याय धरतात. शहराचा रोजचा पुरवठा 3,900 दशलक्ष लिटरच्या आसपास. त्यातली फक्त 3 टक्के गळती बंद केली की 117 मिळतात. तुमचे 108 भरून निघाले.

भांडुपकर:
गळती बुजवाच. पण मागणी आजच पुरवठ्याहून जास्त आहे, ते पाणी त्या तुटीतच जिरेल. आणि पुढचं धरण गारगाई नदीवरचं म्हणाल, तर तेही तानसा अभयारण्यातलं जंगल बुडवूनच होणार.

तळ्याकाठी:
शेजारचा पवई तलाव विसरू नका. 1891 चा, पण पाणी पिण्यालायक नाही. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते, मग कुजून तळाशी बसते. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि गाळ वाढतो. जलपर्णी काढायचा ठेका पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, कारण नाले वळवल्याशिवाय तिचं खत तुटत नाही.

रोखठोक:
म्हणजे दोष मलवाहिन्यांचा, इमारतींचा नाही. आधी मलवाहिनी, मग बांधकाम परवानगी, असा क्रम पाळला तर?

तळ्याकाठी:
मलवाहिनी मैला अडवते, पावसाचं पाणी नाही. विहारचं पाणलोट जेमतेम 19 चौरस किलोमीटर. त्यावर काँक्रीट पडलं की मुरणारं पाणी थेट वाहतं, रस्त्यावरचं तेल आणि बांधकामाची माती घेऊन. तलाव लवकर ओसंडतो, आणि ते पाणी जातं मिठी नदीत. भरतीच्या वेळी माहीमच्या खाडीकडे निचरा मंदावतो, मग तुंबतं कुर्ल्यात. पंप बसवायचा खर्च बिल्डर देत नाही, पालिका देते.

रोखठोक:
पुराचा मुद्दा मान्य. पण मग पाणीपट्टीत पाणलोट राखणीचा आकार लावा. आज हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून तर जमीन पडीक वाटते.

भांडुपकर:
लावा की. फक्त झोपडपट्टीतल्या सामाईक नळापासून सुरुवात नको, जलतरण तलाववाल्या सोसायट्यांपासून करा.