सात महिन्यांच्या बाळाला रिलॅक्सन्ट (भूल देताना स्नायू सैल करणारं औषध) कोणतं आणि किती?

पहाटपाळी
परवा सात महिन्यांचं, ७ किलोचं बाळ दुर्बिणीतून हर्नियासाठी यादीवर आहे. साधारण तासाभराचं काम. तान्ह्या बाळांच्या केसेस मी एकटीने फार केलेल्या नाहीत. कपाटात ॲट्राक्युरियम, व्हेक्युरोनियम, सक्स (सक्सिनिलकोलीन) ही रिलॅक्सन्ट आणि पहिल्या दोघांचा परिणाम उतरवणारं निओस्टिग्मिन आहे. रोक्युरोनियम आणि ते उतरवणारं सुगामाडेक्स नाही, परवापर्यंत येणारही नाही. नर्व्ह स्टिम्युलेटर (नसेला वीज देऊन स्नायूला झटका येतो का ते बघायचं यंत्र) आहे, पण आकडा दाखवणारा नाही. यातलं काय आणि किती द्याल?

रात्रपाळी
रोक्युरोनियम ०.६ मिग्रॅ/किलो. शेवटी टीओएफच्या (स्टिम्युलेटरच्या सलग चार उत्तेजनांच्या) चारपैकी दोन झटके दिसले की सुगामाडेक्स २ मिग्रॅ/किलो. मी आता दुसरं काही वापरतच नाही.

पहाटपाळी
ही दोन्ही नाहीत, असं वर लिहिलंय.

रात्रपाळी
मग मागणी लावा. लहान मुलांसाठी तरी असायलाच हवं.

शांतसूर
मुळात रिलॅक्सन्ट हवाच कशाला? सेव्होफ्लुरेनवर (हुंगायची भूल) छान खोल न्या, थोडं प्रोपोफॉल आणि फेंटॅनिल द्या, ट्यूब आरामात जाते. वर कॉडल (कण्याच्या खालच्या टोकाशी बधिर करायचं इंजेक्शन) द्या. माझ्या बऱ्याच केसेस अशाच होतात.

जुनाजाणता
उघड्या हर्नियाला ठीक. इथे पोटात गॅस भरणार आहेत. मध्येच बाळ खोकलं, तर सर्जनच्या हातात आत अवजार असतं. आणि खोल न्यायच्या नादात बाळाचं बीपी पडतं, ते कोण सावरणार?
मी व्हेक्युरोनियम देईन, पण ०.१ नाही, ०.०७ मिग्रॅ/किलो. वर्षाच्या आतल्या बाळाला ते मोठ्या माणसापेक्षा जास्त लागू पडतं आणि उतरायला जवळजवळ दीडपट वेळ घेतं. यकृत अजून तयार झालेलं नसतं. ०.१ च्या हिशोबाने दिलं की केस संपते आणि आपण ट्यूब धरून बसतो. मी बसलोय.

शांतसूर
बीपी पडतं ते घाई केली तर.

धीमीवाट
सक्स का कोणी म्हणत नाही? तान्ह्याला २ मिग्रॅ/किलो, आधी नाडी मंदावू नये म्हणून ॲट्रोपिन ०.०२. मिनिटाभरात ट्यूब आत.

जुनाजाणता
ठरवून केलेल्या केसला नको. मुलगा असेल आणि ड्युशेन (स्नायू झिजवणारा जन्मजात आजार) अजून कळलेला नसेल, तर पोटॅशियम उसळून हृदय थांबतं. म्हणूनच अमेरिकेत १९९०च्या दशकात त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा आला. सात महिन्यांच्या बाळाकडे बघून ड्युशेन ओळखता येत नाही. लॅरिंगोस्पाझमसाठी (स्वरयंत्र आवळून श्वास अडला तर) मात्र सिरिंज भरून जवळ ठेवा.

कॅन्युला२२
औषध कुठलंही घ्या, शेवटी कॅन्युला आणि थ्री-वे (कॅन्युलाला लावलेला तीन तोंडांचा जोड) फ्लश करा, म्हणजे सलाईन ढकलून धुऊन काढा. माझ्या हातून हे राहिलं होतं. ट्यूब काढली, बाळ रडलं, रिकव्हरीत आईच्या कुशीत दिलं. तिथे सिस्टरनी पॅरासिटामॉल सुरू केलं आणि त्याच्यापुढे ढकललं गेलं थ्री-वेमध्ये अडकलेलं रिलॅक्सन्ट. मिनिटाभरात बाळ लुळं, रडणं बंद. मास्क हाताशी होता म्हणून निभावलं. मोठ्या माणसाला तेवढ्या थेंबांनी सहसा फार काही होत नाही, ७ किलोच्या बाळाला तो जवळजवळ डोस असतो. त्या आईचा चेहरा मी विसरलेली नाही. आता फ्लश करताना मोठ्याने बोलते, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांना कळतं.

चाफेकळी
ॲट्राक्युरियम तेवढं टाळा. हिस्टामिन सुटतं, आमच्याकडे एका मुलाची छाती लालभडक झाली होती. सिसॲट्राक्युरियम ०.१ घ्या.

रात्रपाळी
किंवा रोक्युरोनियम-सुगामाडेक्स. पुन्हा सांगतो.

ठामपाऊल
तुमच्या स्टिम्युलेटरबद्दल एक. फेड (चार झटके एकापाठोपाठ कमजोर होत जाणं) दिसत नाही म्हणजे औषध उतरलं, असं धरू नका. टीओएफ रेशो (पहिल्या झटक्याच्या तुलनेत चौथा किती) ०.४ च्या वर गेला की डोळ्याला किंवा बोटाला फेड कळत नाही, आणि आपल्याला हवा ०.९. मधला सगळा टप्पा आपल्याला अदृश्य. चारही झटके सारखे वाटले तरी रिव्हर्सल (निओस्टिग्मिन) द्या. तान्ह्याचा डायफ्रॅम लवकर थकतो, त्याच्याजवळ राखीव काही नसतं.

पहाटपाळी
सगळ्यांचे आभार. कॅन्युला२२, तुमचा निरोप छापून ट्रॉलीवर लावतेय. औषध मात्र ॲट्राक्युरियमच घेणार. ते हॉफमन पद्धतीने आणि रक्तात आपोआप तुटतं, यकृत-मूत्रपिंड कच्ची असली तरी अडत नाही. ०.५ ऐवजी ०.४ मिग्रॅ/किलो, सावकाश, म्हणजे २.८ मिग्रॅ. १ मिलि १० पट पातळ करून, १ मिलि म्हणजे १ मिग्रॅ, सिरिंजवर लेबल.

चाफेकळी
मी तरी दिलं नसतं. सांभाळून.

पहाटपाळी
झाली केस. छातीवर थोडी लाली आली, पाच मिनिटांत गेली. दुसरा डोस लागला नाही. सेव्होफ्लुरेनमुळेही बराच वेळ टिकलं असणार. चार झटके सारखे दिसले तरी निओस्टिग्मिन ०.३५ आणि त्याने नाडी मंदावू नये म्हणून ग्लायकोपायरोलेट ०.०७ मिग्रॅ दिलं. दोन्ही पाय पोटाशी जोरात ओढले, तेव्हाच ट्यूब काढली. थ्री-वे मोठ्याने बोलून फ्लश केला.

कॅन्युला२२
हे वाचून बरं वाटलं.

रात्रपाळी
रोक्युरोनियमची मागणी लावली का?